सातबारा नसलेल्या नवऱ्याने इंग्लंडात किती दिवस राहावे?

दरवर्षी सप्टेंबर आला की आपल्या लोकांच्या फेसबुकवर विमानतळावरचे फोटो येतात. हातात बाबासाहेबांची प्रतिमा, गळ्यात निळा गमछा, बाजूला आई-वडील आणि खाली ओळ, उच्च शिक्षणासाठी लंडनला रवाना. असे फोटो आम्हीही अभिमानाने पुढे पाठवतो. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा इकडे तर गावच्या फाट्यावर फ्लेक्स लागतो, विहारात सत्कार होतो. पण गेलेल्या मुलीचा नवरा किंवा गेलेल्या मुलाची बायको यांच्याविषयी कोणी काही विचारत नाही. त्यांना मागोमाग जाता येते का? गेले तर किती दिवस राहता येते? आमची सहचारिणी सप्टेंबर २०२४ मध्ये एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी इंग्लंडला गेली, म्हणून ही उत्तरे आम्हाला शोधावी लागली. प्रश्न आमच्या एकट्याच्या घराचा नाही, म्हणून इथे मांडतो.

आधी नियम काय आहे ते पाहू. २३ मे २०२३ रोजी ब्रिटिश सरकारने जाहीर केले की परदेशी विद्यार्थ्यांना यापुढे जोडीदार आणि मुले सोबत आणता येणार नाहीत. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना हा नियम लागू झाला. सूट दोघांनाच. एक, पीएच.डी. किंवा संशोधनाची पदवी करणारे. दोन, ज्यांची फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही सरकारी शिष्यवृत्तीतून भागतो असे. आपली बहुतेक मुले जातात एका वर्षाच्या एम.ए., एम.एस्सी.ला, कारण दोन वर्षांचा खर्च झेपत नाही.

मग शिष्यवृत्ती का घेतली नाही, असे कोणीही विचारेल. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत २०२२ साली एक अट घुसवली गेली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय त्या पैशावर परदेशात शिकायचे नाहीत. आमच्या सहचारिणीचा विषय विदर्भातल्या शेतमजूर स्त्रिया आणि जात. म्हणजे तो दरवाजा तिला बंद. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना मिळून वर्षाला ७५ जागा, त्या यादीत तिचे नाव लागले नाही. विद्यापीठाने अर्धी फी माफ केली, उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज काढले. थोडक्यात, जातीवर अभ्यास करते म्हणून दिल्लीचे पैसे नाहीत आणि सरकारी पैसे नाहीत म्हणून नवराही सोबत नाही. दोन देशांच्या दोन नियमांनी एकमेकांना न ओळखता एकच काम केले.

अभ्यासक्रम संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर तिला तिथे दोन वर्षे काम करता येते. पण त्या व्हिसावरही जोडीदार तोच चालतो, जो विद्यार्थी असतानाच अवलंबित म्हणून सोबत होता. म्हणजे पहिले वर्ष नाही तर पुढची दोन वर्षेही नाही. पुढे मोठ्या पगाराची नोकरी आणि तिचा वेगळा व्हिसा मिळाला तर गोष्ट निराळी. २०२५ च्या जुलैपासून त्या पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे. तोपर्यंत नवऱ्याला एकच वाट उरते, पाहुण्याचा व्हिसा. तो एका वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांचा.

आता खरा मुद्दा. पाहुण्याच्या व्हिसासाठी तुम्ही खरे पाहुणे आहात हे तुम्हीच सिद्ध करायचे असते. परत जाणार आहात, खर्चाला पुरेसे पैसे आहेत, पुन्हा पुन्हा येऊन तिथेच घर करण्याचा डाव नाही, हे सगळे कागदावर दाखवायचे. या शेवटच्या अटीचा अर्थ नीट पाहावा. बायकोला वारंवार भेटायला जाणे हेच संशयाचे कारण होऊ शकते.

छत्रपती संभाजीनगरच्या एका एजंटाकडे आम्ही फाईल घेऊन गेलो. त्याने यादी दिली. सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयकर विवरण, कंपनीचे रजेचे पत्र, जमिनीचा सातबारा, घराचे मूल्यांकन. आमच्याकडे काय होते? आम्ही एका संस्थेत वीटभट्टी आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेचे काम करतो. तिथे पगार नाही, मानधन आहे. महिना १४,०००, तेही प्रकल्प चालू असेपर्यंत, करार दर ३१ मार्चला संपतो. घर आईच्या नावावर रमाई आवास योजनेतले, २६९ चौरस फुटांचे, ज्यासाठी शासनाने १ लाख २० हजार दिले आणि उरलेले आईने बचत गटातून उचलले. त्याचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे. मूल्यांकन करणाऱ्याने तो पाहिला, आम्हाला पाहिले आणि फी न घेता परत पाठवले.

राहिली जमीन. आमचे वडील १९८४ पासून गावच्या ई-क्लासमध्ये दोन एकर वाहतात. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ई-क्लास म्हणजे तुमच्याकडचे गायरान. सातबाऱ्यावर मालक सरकार. वडिलांचे नाव ज्या एकमेव सरकारी कागदावर आहे तो गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. चाळीस वर्षे ज्या मातीत तूर आणि सोयाबीन काढले तिच्याशी असलेले आमचे नाते शासनदरबारी अतिक्रमण या शब्दात लिहिलेले आहे. आम्ही तोही उतारा फाईलमध्ये लावला होता. एजंट म्हणाला, "सर, हे काढा. तुम्ही सरकारी जमीन बळकावता असं तिकडचा माणूस वाचेल."

त्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही, त्याला त्याचा धंदा कळतो. पण विचार करा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करावीत, असा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे लढे उभे केले त्यांची ती उशिरा आलेली फळे. वडिलांचे अतिक्रमण त्या मुदतीत बसते, दंडाच्या पावत्या आहेत, पंचनामा आहे. पट्टा अजून नाही. पट्टा असता तर सातबारा असता, आणि सातबारा असता तर इंग्लंडच्या टेबलावर आम्ही "परत जाण्याचे कारण असलेले गृहस्थ" ठरलो असतो. व्हिसाच्या अर्जात जातीचा रकाना नाही. पण जे कागद मागितले जातात ते इथे जातीनेच वाटले आहेत. आमच्या कॉलेजातला एक मित्र, अठरा एकर ओलिताचा, वडील निवृत्त मुख्याध्यापक. बहिणीला भेटायला जाताना त्याची फाईल दोन दिवसांत तयार झाली. त्याच्याविषयी आमचा काही राग नाही, आमच्या खात्यात दाखवायला पैसे कमी पडले तेव्हा त्यानेच विचारले होते. फक्त एवढेच, की परत येण्याची ओढ त्याला आमच्यापेक्षा जास्त आहे, हे एकरांवरून कसे ठरते?

आम्हाला तीन महिने राहायचे होते. तिचा प्रबंध लिहून होईपर्यंत भाकरी-भाजी आपण पाहू, ती लिहील, असा साधा हिशेब होता. एजंटाने तोही खोडला. एवढ्या शिलकीवर तीन महिने लिहिले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, २१ दिवस लिहा. आम्ही २१ लिहिले. ११५ पौंड, म्हणजे बारा हजारांच्या वर फी भरली, राजूर घाट उतरून मलकापूरला विदर्भ एक्स्प्रेस पकडली आणि मुंबईत बोटांचे ठसे देऊन आलो. व्हिसा मिळाला. शिक्का सहा महिन्यांचा, तिकीट एकवीस दिवसांचे!

मार्च २०२५ मध्ये गेलो. उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात ती चार मुलींसोबत एका घरात राहते, तिची खोली आमच्या रमाई घरकुलाच्या निम्मी. सत्रात आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी असते, ती शनिवार-रविवार एका दुकानात उभी राहायची. आम्ही स्वयंपाक केला, तिच्या मुलाखतींच्या रेकॉर्डिंगमधली वऱ्हाडी उतरवून दिली, आणि तिच्या घरमालकाला दिसू नये म्हणून बूट खोलीत ठेवले. (पाहुणा जास्तीत जास्त किती रात्री राहील हे भाडेकरारातही लिहिलेले होते. नियमांत नियम.) पंधराव्या दिवशी ती म्हणाली, "थांब ना अजून. शिक्का आहे की." होता. सहा महिने राहिलो असतो तरी कायदा मोडला नसता. पण अर्जात २१ लिहून नव्वद राहिलो तर पुढच्या अर्जाच्या वेळी कोणीतरी दोन्ही आकडे शेजारी ठेवणार. आणि पुढचा अर्ज तर करायचाच होता. शिवाय ३१ मार्चला इथला करार संपत होता. दोन रात्री आम्ही दोघे बोललो. एकविसाव्या दिवशी आम्ही विमानात बसलो.

त्याआधीच्या रविवारी लंडनला जाऊन १०, किंग हेन्रीज रोड पाहिले. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते हे घर, महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलेले. बाहेर निळी पाटी आहे. बाबासाहेबांनाही जास्त दिवस राहायचे होतेच. १९१६ साली ते अमेरिकेहून लंडनला आले, पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजातली नोकरी, तिच्यातली बचत, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून उसने पैसे, असे करून १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ ला परतले. या सगळ्या वर्षांत रमाई मुंबईत होत्या. त्या काळी ब्रिटिश साम्राज्याच्या प्रजेला इंग्लंडला जायला व्हिसा लागत नसे, प्रवेशावरचे निर्बंध १९६२ च्या कायद्यापासून सुरू झाले. म्हणजे रमाईंना कोणत्याही कायद्याने अडवले नव्हते. गरिबीने अडवले होते.

हे मुद्दाम लिहितो, कारण परत आल्यावर चळवळीतल्या ज्येष्ठांकडून आम्हाला सांत्वन म्हणून रमाईच ऐकायला मिळाल्या. रमाईंनी किती सोसले, तुम्हाला तीन वर्षे जड जातात? मावशीने वेगळ्या शब्दांत तेच विचारले, "बायको तिकडं अन् तू इथं भाकरी थापतं का?" मावशीला आम्ही हो म्हणालो, थापतो. ज्येष्ठांना मात्र आदरपूर्वक उत्तर द्यावे लागेल. माता रमाईंचा त्याग आम्ही शिरसावंद्य मानतो. पण त्यांना मागे राहावे लागले ही व्यवस्थेने केलेली गोष्ट होती, तिला आदर्श करून पुढच्या जोडप्यांच्या गळ्यात घालू नये. बाबासाहेबांनी स्वतः ते दिवस कुणासाठी हवे होते म्हणून लढा दिला नाही. ज्यांच्या घरी पिढीजात जमिनी आहेत त्यांच्या मुलांना कोणी त्यागाचे धडे देत नाही, त्यांचे जावई आणि सुना सोबत जाऊन येतात. विरह हा आमचाच धर्म कसा?

दुसरे एक बोलणे ऐकू येते, शिक्षण झाले, आता परत यावे, समाजाचे देणे आहे. आहेच. पण तिच्या डोक्यावर १४ लाखांचे कर्ज आहे. बुलढाणा जिल्ह्यात समाजकार्याच्या मानधनावर ते किती वर्षांत फिटेल, याचा हिशेब सल्ला देणाऱ्यांनी एकदा मांडून दाखवावा.

ब्रिटनचा नियम आपण इथून बदलू शकत नाही. इथले बदलू शकतो. राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीत जागा वाढवण्याची मागणी आपण करतोच, तिच्यासोबत जोडीदाराच्या वर्षातून एका परतीच्या तिकिटाचीही करावी. विद्यार्थ्याला विमानभाडे मिळते, तिथे आणखी एक तिकीट बसते. केंद्राची २०२२ ची विषयबंदीची अट हटवण्यासाठी निवेदने पुन्हा द्यावीत, तो विषय थंड पडला आहे. आणि १९९१ च्या शासन निर्णयाखालची जी प्रकरणे तहसीलमध्ये पडून आहेत त्यांची तालुकावार यादी करावी. मेहकर आणि चिखली तालुक्यांचे काम आम्ही काही मित्रांनी सुरू केले आहे. ज्यांच्याकडे १-ई चे उतारे आणि दंडाच्या पावत्या आहेत त्यांनी झेरॉक्स काढून ठेवाव्यात, मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत.

सहचारिणी आता ग्रॅज्युएट व्हिसावर आहे. आम्ही दुसरा अर्ज तयार करतो आहोत. या वेळी सहा आठवडे लिहिले आहेत, आणि १-ई चा उतारा फाईलमध्ये ठेवला आहे. त्याच्यासोबत शासन निर्णयाचे इंग्रजी भाषांतर आणि एक पानाचे पत्र आहे. ही जमीन आमची का आहे आणि तिच्याकडे आम्ही परत का येणार, हे त्यात लिहिले आहे. पत्राचा मसुदा तिनेच केला.