नाव एक, मुखे अनेक

प्राचीन इराणातील पार्थियन राजांची नाणी जमवणाऱ्याची थैली हलकी असेल, तर त्याने पहिला पैसा नाण्यावर नव्हे, डेव्हिड सेलवुड यांच्या ग्रंथावर खर्चावा. या नाण्यांवर राजाचे स्वतःचे नाव क्वचितच सापडते. इ. स. पू. २४७ च्या सुमारास राज्य उभारणाऱ्या आर्साकेसचे नाव वंशजांनी बिरुदासारखे वापरले. मागील बाजूस तोच बसलेला धनुर्धर, भोवती तीच ग्रीक अक्षरे. मग ओळख पटते ती दाढीच्या घाटावरून, मुकुटावरून, टांकसाळीच्या चिन्हावरून. दुसऱ्या ऑरोडेसच्या कपाळावर चामखीळ कोरलेली दिसते. पण ती त्याच्या पुत्राच्या, चौथ्या फ्राटेसच्या नाण्यांवरही आहे. तेव्हा एकाच खुणेवर विसंबणे धोक्याचे.

सुमारे चार ग्रॅम चांदीचा हा द्राख्म. आपला ‘दाम’ हा शब्द याच ग्रीक नावाच्या कुळातला. उत्तरकालीन द्राख्मांवर ग्रीक अक्षरे मोडत मोडत नुसत्या रेघा उरतात. देखणेपणाचा ग्राहक ती बाजूला सारतो, म्हणून ती स्वस्तात मिळतात. पहिल्या वोलोगासेसच्या द्राख्मांवर तर मस्तकामागे त्याच्या नावाची दोन अरामी अक्षरे असतात. बेताच्या पैशांत याहून मोठा लाभ कोणता? मात्र घासून लखलखीत केलेले नाणे कितीही स्वस्त असो, घेऊ नये. त्या चकाकीपायी दाढीचे केस आणि चिन्हाच्या रेघा झिजलेल्या असतात आणि राजा कायमचा अनोळखी होतो.