ज्याची खावी पोळी

कोरियात इंग्रजी शिकवायला पाठवणाऱ्या ठाण्यातल्या एका एजंटाशी आज फोनवर बोलले. मोठा गोड माणूस. मॅडम, तुमच्याकडून एक रुपया नको, म्हणाला. नकोच असणार! त्याचं कमिशन तिथले खासगी क्लासवाले देतात. हागवॉन म्हणतात त्यांना. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मग राहायची खोली कशी आहे, आधीची शिक्षिका मधेच का निघून गेली, हे त्याला विचारून काय मिळणार? ते तिथे शिकवणाऱ्यांनाच विचारावं.

खरी मेख मात्र पासपोर्टात. तिथे इंग्रजी शिकवायला लागणारा ई-टू व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांसाठी. २०१० साली अमलात आलेल्या भारत-कोरिया करारानं आपल्याला दार किलकिलं करून दिलं, तेही साहाय्यक शिक्षकापुरतं आणि अध्यापनाचा परवाना असेल तर. मराठी माध्यमातल्या पोरांना पॅसिव्ह व्हॉइस शिकवणारी मी, माझं इंग्रजी कुणी तपासणारच नाही. पासपोर्टाचा रंग बघतील.

एजंटाला हे विचारलं तर म्हणतो, आधी टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं बघू. बघू म्हणे! आपल्याकडच्या १९८३ च्या कायद्यानं परदेशी नोकऱ्या लावणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते. उद्या आधी तो नंबर मागते.