पिल्लाच्या पावलावर आईचे पाऊल

जावई नोकरीनिमित्त डर्बनला असल्यामुळे आफ्रिकेचे दर्शन घडण्याचा योग आम्हां उभयतांच्या वाट्याला आला. 2025 चा जुलै महिना. आपल्या ग्वाल्हेरास ते पावसाचे दिवस. तिकडे ऐन हिवाळा. डर्बनच्या उत्तरेस मोटारीने तीन-साडेतीन तासांवर ह्लुह्लुवे-इम्फोलोझी हे अभयारण्य आहे. 1895 साली राखून ठेवलेले हे वन आफ्रिकेतील अतिशय जुन्या अभयारण्यांत गणले जाते. मोटारीत बसूनही तेथे जनावरे दिसतात. पायी हिंडण्याचा हट्ट आमचा.

पहाटे निघालो. एका ओळीत चालायचे, बोलायचे नाही आणि काही झाले तरी पळायचे नाही, एवढी ताकीद मिळाली. पुढे एक बंदूकधारी रक्षक, मागे दुसरा. पुढचा झुलू गृहस्थ वयाने आमच्याच बरोबरीचा. त्याच्याजवळ राखेची एक लहानशी पुरचुंडी होती. घटकाघटकेला ती झटकून राख कोणीकडे उडते ते तो पाही. गेंड्याची नजर अधू, पण नाक आणि कान तिखट; वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहू लागला की सारा खेळ संपला.

तासभर हरणांखेरीज काही दिसले नाही. (सौभाग्यवतींच्या मुद्रेवर ‘यासाठी का एवढ्या दूर आलो?’ हा प्रश्न स्पष्ट उमटला होता.) मग तो रक्षक एका शेणाच्या ढिगापाशी बसला. शेणात निव्वळ गवत होते. काळा गेंडा झुडपांच्या डहाळ्या खातो, पांढरा गवत चरतो; तेव्हा हा पांढरा. पुढे धुळीत तीन बोटांचे रुंद ठसे लागले आणि त्यांच्याखाली दबलेले लहान ठसे. पांढऱ्या गेंड्याचे पिल्लू आईच्या पुढे चालते, म्हणून आईचे पाऊल पिल्लाच्या पावलावर पडते. काळ्याचे पिल्लू मागून येते. हे ऐकल्यावर आमची नजर जमिनीवरून हलेना.

ती दोघे दिसली तेव्हा आमच्यात साठ-सत्तर पावलांचे अंतर असेल. नाव पांढरा, रंग मात्र चिखलाचा. आसामातल्या गेंड्यास एकच शिंग, इकडच्यास दोन असे वाचले होते. पण या मादीच्या नाकावर दोन सपाट खुंट तेवढे उरले होते. खोटे कशाला सांगा, आमचा विरसच झाला. छायाचित्रासाठी उचललेला कॅमेरा खाली आला.

रक्षकाच्या ते लक्षात आले असावे. दूर आल्यावर तो इंग्रजीतून हळू आवाजात सांगू लागला. एके काळी दक्षिणेकडचे पांढरे गेंडे या परिसरात मूठभरच उरले होते. आज जगात जे आहेत ते त्यांचेच वंशज. 1960 नंतर येथूनच ते इतर अरण्यांत पाठविले गेले. पुढे शिंगासाठी चोरटे शिकारी त्यांच्या जिवावर उठले, तेव्हा 2024 साली येथे शिंगे कापण्यास आरंभ झाला. शिंग नखाच्याच द्रव्याचे. जनावरास भूल देऊन मुळाच्या वर कापले तर दुखत नाही, मात्र पुन्हा वाढते आणि पुन्हा कापावे लागते.

“चोरांच्या भयाने आपण प्रवासात मंगळसूत्र पदराखाली घेतो की नाही?” सौभाग्यवती म्हणाल्या. जावईबापूंनी ते इंग्रजीत सांगताच तो गृहस्थ प्रथमच हसला.

त्याने पुन्हा पुरचुंडी झटकली. राख मागे, मायलेकरांच्या दिशेने उडाली. आम्ही वळून पाहिले. मादीने मान उचलली, कान फिरविले. पिल्लू पुढे झाले आणि त्याच्यामागे ती पिवळ्या गवतात दिसेनाशी झाली.