बोटुकली

बोटुकलीला वय विचारलं तर ती लांबी सांगते. आठ-दहा सेंटिमीटर, माणसाच्या बोटाएवढी. माशाचं पिल्लू तेवढं भरलं की ती बोटुकली. मग जन्म तीन महिन्यांपूर्वीचा असो की गेल्या पावसाळ्यातला. कटला, रोहू की मृगळ, हेही नंतर विचारायचं.

बाळपण मात्र तिचं भलतंच घाईचं. अंडी पडल्यापासून चौदा-अठरा तासांत ती बाहेर येते, तेव्हा तोंडही उघडलेलं नसतं. पोटाखाली पिवळ्या बलकाची पिशवी असते, त्या शिदोरीवर तीन दिवस निघतात. बलक सरला आणि ती स्वतः खाऊ लागली की व्यवहारात तिचं नाव मत्स्यजिरे. सहा-सात मिलिमीटरचं अंग, आरपार दिसणारं; डोळ्यांचे दोन ठिपके तेवढे खरे, बाकी पाणीच. एका किलोच्या रोहूपोटी अशी दोनेक लाख अंडी, तेव्हा मोजत कोण बसणार? एका लहानशा मापातली एकदा मोजायची आणि पुढचे लाख मापावर धरायचे. पंधरा-वीस दिवसांत ती इंचभर होते, तेव्हा अर्धबोटुकली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पुरी.

शास्त्रज्ञांनी हेच बाळपण फार बारीक कापलं. अमेरिकेतल्या कार्ल हब्जने १९४३ मध्ये बलक असलेला लार्वा आणि बलक संपलेला लार्वा अशी दोन नावं रूढ करायला घेतली. कोणी पुढे शेपटीकडे पाहिलं: पाठीच्या दोरीचं टोक वर वळण्याआधीचा, वळतानाचा आणि वळल्यानंतरचा. डॅरेल स्नायडरने १९७६ मध्ये परांवरून तीन पायऱ्या केल्या. कॅनडातल्या यूजीन बॅलनचं म्हणणं आणखी वेगळं: जोवर आईच्या बलकावर जगतं, तोवर त्याला लार्वा म्हणूच नका, ते अजून भ्रूणच. भांडणं खरी आहेत आणि बिनकामाची नाहीत. समुद्रातून जाळीत आलेलं केसाएवढं पिल्लू कुठल्या माशाचं, हे त्याशिवाय ठरत नाही. पण ही सगळी मंडळी भिंगातून बघणारी. बोटुकलीचं नाव ठेवणाऱ्याने तिला हातात धरून पाहिलं असणार, आणि त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं: सोडली तर जगेल का?

परळी–बीड रस्त्यावरच्या सिरसाळ्यात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. या भागाचा सरासरी पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही लहरी. शेततळं भरलं तर भादव्यापर्यंत भरतं; उन्हाळा लागला की शेतकरी आधी झाडांचा विचार करतो, माशांचा मग. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने मराठवाड्यात तळी बरीच झाली, पण ती फळबागेच्या पाण्यासाठी. मासळी त्यात पाहुणी. म्हणजे हातात सहा-सात महिने. त्यात जिरे सोडलं तर पाणकिडे, चतुराच्या अळ्या आणि बेडूक ते फस्त करतात. नीट सांभाळलेल्या संगोपन तळ्यातही तिसरा हिस्सा वाचला तरी बरं म्हणतात. वाचलेलं विकण्याजोगं होईपर्यंत तळ उघडा पडलेला. म्हणून इथे लेकरू घरी आणायचं ते हाताशी आलेलंच.

बोटुकल्यांतली एक आणखी चिवट असते. तिला वर्षभर मुद्दाम दाटीवाटीत, अर्धपोटी ठेवतात. वय वाढतं, अंग वाढत नाही. बोटाएवढीच राहते. आणि मग मोकळं पाणी आणि पोटभर खाणं मिळालं की मागची सगळी उधारी वसूल करत अशी वाढते की ताज्या बोटुकल्या मागे पडतात. कमी मुदतीच्या पाण्याला हीच सोयीची. रीत निर्दय आहे, हे मान्य. पण कोरड्या मुलखात तिच्याइतकी कामाची दुसरी नाही, असं माझं मत.

पूर्वी बोटुकलीचा माग नदीकडे जायचा. पुराच्या पाण्यातून माशांचं बी गाळून आणायचे; त्यात कटल्याबरोबर कटल्याला खाणाऱ्यांचीही पिल्लं असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगूळ इथे हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांना अंडी घालायला लावली, आणि बी माणसाच्या हुकमात आलं. १० जुलैला देशभर मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळे.

प्रवासाला ती उपाशी निघते. पोट भरलेलं असलं तर पिशवीतलं पाणी घाण होतं, म्हणून आदल्या दिवशी तिला खायला देत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, वर ऑक्सिजन, तोंड करकचून बांधलेलं. तळ्यावर पोचलं की घाईला आलेला माणूस पिशवी तिथेच ओततो, आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पोटांचा खच वर येतो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्यावी, आतलं-बाहेरचं पाणी एका तापमानावर येऊ द्यावं, मग तोंड सोडावं. ती आपली आपण निघते.

पैसे मोजण्याआधी मात्र दोन-चार बाहेर काढून बोटाशी लावून बघाव्यात. बोटुकलीच्या भावात अर्धबोटुकली खपवणारे भेटतात, आणि तळ्यात गेल्यावर परत मोजणी होत नाही.