पेशी मेल्या, पण कशा मेल्या?

मानेतल्या गाठीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली आणि मधला भाग मेलेला दिसला, की आपल्या जालना भागातल्या पॅथॉलॉजिस्टचं मन आधी क्षयाकडे जातं. ते योग्यच आहे. फुफ्फुसाबाहेरचा क्षय सर्वांत जास्त आढळतो तो लसिकाग्रंथींतच. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, कुठूनही गाठ आली तरी क्षय आधी शोधायचा. पण पेशी मेल्या एवढ्यावर रिपोर्ट लिहायचा नाही. त्या कशा मेल्या, हे पाहणं हाच माझ्या कामाचा गाभा आहे, असं मी मानते.

किकुची-फुजिमोटो हा आजार मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. 1972 साली जपानमध्ये किकुची आणि फुजिमोटो यांनी स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं. रुग्ण बहुधा तरुण, त्यातही मुली आणि बायका जास्त. मानेच्या एका बाजूला दुखऱ्या गाठी, ताप, रात्रीचा घाम, थोडं वजन उतरलेलं, कधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी. यातलं प्रत्येक लक्षण क्षयालाही शोभतं आणि लिम्फोमालाही, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरलाही. बाहेरून ओळखावं असं काही नाहीच.

स्लाइडवर मात्र ओळख पटते, आणि ती जितकी दिसण्यावरून पटते तितकीच न दिसण्यावरून. क्षयात मेलेला भाग पनीरासारखा एकजीव होतो, भोवती एपिथेलिऑइड पेशींचे पुंजके आणि लँगहॅन्स राक्षसपेशी असतात. किकुचीत ते पुंजके नसतात. मेलेल्या भागात पेशींच्या केंद्रकांचा बारीक काळसर चुरा पसरलेला असतो. तो चुरा गिळणारे हिस्टिओसाइट भोवती गोळा झालेले असतात आणि त्यांची केंद्रकं कडेला सरकून चंद्रकोरीच्या आकाराची झालेली असतात. इतका विध्वंस होऊनही पू करणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी जवळपास नसतातच. अशी स्लाइड समोर आली की मी घाई करत नाही. पूर्ण काचभर न्यूट्रोफिल शोधत फिरते. ते नाहीत याची खात्री होईपर्यंत 'किकुची' हा शब्द लिहायचा नाही. कडेला मोठाल्या, वेगाने वाढणाऱ्या लिम्फ पेशी दिसतात, त्या लिम्फोमाची भीती घालतात. शंका राहिलीच तर पॅराफिन ब्लॉक इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसाठी मोठ्या केंद्रात पाठवावा. सीडी68 आणि मायलोपेरॉक्सिडेज, दोन्ही रंग घेणारे हिस्टिओसाइट सापडले की निदानाला बळ येतं.

एवढी खटपट कशासाठी, असं कुणाला वाटेल. हा आजार तर बहुधा एक ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो. ताप-दुखण्यावरची साधी औषधं पुरतात, स्टेरॉइड क्वचितच लागतं. पण अडचण नेमकी इथेच आहे. खात्री न करता क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर दोन महिन्यांत गाठ विरते आणि 'औषध लागू पडलं' असं सगळेच समजतात. गाठ आपली आपण गेली, हे कुणाला कळायचं कसं? रुग्ण मुलगी सहा महिने गोळ्या घेते, त्यातल्या काही यकृताला त्रास देऊ शकतात. शिवाय लग्नाच्या वयाच्या मुलीच्या नावापुढे क्षय लागला की घरच्यांचा जीव किती टांगणीला लागतो, हे जालन्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

दुसरी भीती कॅन्सरची. "मॅडम, सुई लावली तर पसरन का?" हा प्रश्न मी नेहमी ऐकते. नाही, सुईने गाठ पसरत नाही. पण सुईच्या तपासणीत किकुची बऱ्याचदा निसटतो, कारण ग्रंथीची मूळ रचना त्यात दिसत नाही. त्यासाठी पूर्ण ग्रंथी काढावी लागते. निदान झाल्यावरही एएनए ही रक्ततपासणी हवी, कारण ल्युपस या आजारातली ग्रंथी अशीच दिसू शकते आणि काही रुग्णांत पुढे ल्युपस उद्भवतो. म्हणून गाठ गेली तरी रुग्णाने रिपोर्ट सांभाळून ठेवावा आणि अधूनमधून डॉक्टरांना दाखवत राहावं.

माझ्या सर्जन मित्रमैत्रिणींना एक कळकळीची विनंती. ग्रंथी काढलीत की सगळी फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. फॉर्मॅलिनने जंतू मरतात, मग कल्चर करता येत नाही. एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये सीबीनॅट या क्षयाच्या तपासणीसाठी आणि कल्चरसाठी ठेवा, उरलेला फॉर्मॅलिनमध्ये आमच्याकडे द्या. आणि फॉर्मवर नुसतं 'गाठ, मान' लिहून पाठवू नका. रुग्णाचं वय, ताप किती दिवसांचा आणि आधीपासून कोणत्या गोळ्या सुरू आहेत, एवढं जरूर लिहा.