बिचारी बॅटरी

घराच्या अंगणात सर्वांत जास्त अन्याय कोण सहन करीत असेल, तर ती मोटारीची बॅटरी, असे माझे अलीकडे मत झाले आहे. सेल्फ फिरला नाही, की बॅटरी गेली. दिवे मंद लागले, की बॅटरी गेली. हॉर्नला पडसे झाले, तरीही बॅटरीच गेली! जो शेवटी गप्प बसतो त्याच्याच माथी खापर फोडायचे, ही आपली फार जुनी रीत आहे. परंतु गप्प झालेला आणि दोषी असलेला, हे दोघे नेहमी एकच असतात असे नाही.

नागपूरच्या आमच्या घरी एक लहानशी मोटार आहे. ती हौसेची वस्तू राहिलेली नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. पाळी सकाळी सहाची, आणि दर वेळी चार तासांची. एक पाळी चुकली, तर पायांवर सूज येते, धाप लागते, रात्र बसून काढावी लागते. पहाटे आमच्या वस्तीत रिक्षा मिळेलच, असा भरवसा नाही. त्यामुळे किल्ली फिरवल्यावर इंजिन बोलते की नाही, हा आमच्या घरात चेष्टेचा विषय नसतो.

गेल्या हिवाळ्यात ते बोलेनासे झाले. कधी सेल्फ रडतखडत फिरे. कधी नुसते ‘कट्’ वाजून सारे शांत होई. बॅटरी अवघी आठ महिन्यांची. दुकानदाराने बॉनेट उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. “बॅटरी बसली, साहेब. नवी टाका,” त्याने सांगून टाकले. निदान इतक्या झटपट झाले, की मला त्याची शंका आली.

बॅटरीचा संसार तसा साधा आहे. शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल एवढ्यावर तो चालतो. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही जोडी जमवली, आणि ती अजून मोडलेली नाही; नव्या विजेच्या मोटारींतही बहुधा एक बारा व्होल्टांची लहान बॅटरी असतेच. आत सहा घरे, प्रत्येक घराचे २.१ व्होल्ट; म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ असेल तर ती पाऊण भरलेली, १२.२ असेल तर अर्धी, आणि १२ च्या खाली उतरली तर उपाशी. मात्र ही नाडी मोटार रात्रभर उभी राहिल्यावर पाहावी. नुकत्याच चालून आलेल्या मोटारीची बॅटरी, पाहुण्यांसमोर हसणाऱ्या माणसासारखी, आहे त्याहून बरी दिसते.

घरातला मल्टिमीटर घेऊन मी पहाटे अंगणात उतरलो. आकडा आला १२.४. पाऊण पोट भरलेली बॅटरी लहान इंजिन सहज फिरवते. मग ही का अडली? सौभाग्यवती किल्लीशी बसल्या होत्या. “अहो, फिरवू का?” त्यांनी विचारले. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, हे पाहून मी होकार दिला. सेल्फ कण्हत फिरला. तेवढ्या वेळात बॅटरीचा आकडा १०.८ वर उतरला. तो साडेनऊच्या वर टिकला, म्हणजे बॅटरीची छाती शाबूत होती.

मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर ठेवली आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. ही दोन्ही ठिकाणे एका जाड पट्टीने, म्हणजे अर्थिंगने, जोडलेली असतात. त्यांच्यात फरक जवळजवळ नसावा. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टहून कमीच असायला हवा. मीटरने १.६ दाखवले! वाटेतच कोणीतरी वीज खात होते.

सेल्फ हा मोठा खादाड गडी आहे. चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, तोवर माणसे लोखंडी हँडल मारून इंजिन फिरवीत, आणि इंजिन उलटले तर मनगट मोडून घेत. ते सारे श्रम आता बॅटरीवर पडतात. लहान मोटारीचा सेल्फसुद्धा दीडशे-एकशेसाठ अँपिअर ओढतो. जोडात एका ओहमचा केवळ शंभरावा भाग इतका अडथळा असला, तरी एकशेसाठ अँपिअरला तेथे १.६ व्होल्ट गळतात. हाच अडथळा मोटार उभी असताना शोधू गेलात, तर साधा मीटर तो दाखवीत नाही. जोड तसा ठीकच दिसतो. त्याच्यावर भार टाका, मग तो खरे सांगतो.

आमच्या ताईचेही असेच आहे. खुर्चीत बसलेली असताना कोणीही विचारावे, “बरं आहे का?” उत्तर ठरलेले: “छान आहे रे.” पण जिन्याच्या चौथ्या पायरीवर ती कठड्याला हात लावून थांबते. तिची प्रकृती मी आता त्या पायरीवर विचारतो.

दुसरे कोडेही त्याच पट्टीने सोडवले. इंजिन सुरू करून मोठे दिवे लावले. आल्टरनेटरपाशी १४.१ व्होल्ट तयार होत होते. बॅटरीपर्यंत पोहोचत होते १३.७. म्हणजे भरणारा नीट भरत होता, पण घास तोंडाशी येईपर्यंत सांडत होता. आठ महिन्यांच्या बॅटरीचे पोट पाऊणच का राहिले, ते आता उमगले. येथे एक सांगायला हवे. आल्टरनेटरची परीक्षा म्हणून चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल उपटून पाहायची जुन्या मिस्त्रींची सवय असते. डायनॅमोच्या काळात ते खपून जाई. आजच्या मोटारीत व्होल्टांची उसळी येऊन आतली नाजूक यंत्रे जळतात.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. आधी ऋण टर्मिनल सोडला. तो पहिला सोडायचा आणि शेवटी जोडायचा, म्हणजे पाना चुकून लोखंडाला टेकला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तेव्हा विडीकाडीही दूर. गिअरबॉक्सवरचा बोल्ट काढला, आणि पट्टीच्या टोकाखाली हिरवट-पांढरी साय दिसली. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुतली, पॉलिश पेपरने तांबे उजळ केले, बोल्ट करकचून आवळला, वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. पुन्हा किल्ली फिरवली, फरक ०.२ वर आला आणि सेल्फ एका दमात फिरला. बॅटरी तीच राहिली.

याचा अर्थ बॅटऱ्या मरत नाहीत असा नव्हे. आमच्या नागपूरचा उन्हाळा त्यांना आतून पोखरतो. पाणी उडते, शिशाची जाळी झिजते. मरण मे महिन्यात सुरू होते आणि कळते डिसेंबरातल्या गार पहाटे. कधी मोटार बंद असूनही एखादा दिवा गुपचूप वीज पीत बसतो; मोटार झोपल्यावर अर्ध्या तासानेही पन्नास मिलिअँपिअरहून अधिक वीज जात असेल, तर एकेक फ्यूज काढून तो चोर पकडावा लागतो. सारे पाहूनही बॅटरीच दोषी ठरली, तर खुशाल नवी आणावी. फिर्याद ऐकून घ्यावी, इतकेच माझे म्हणणे.

ताईची एकही पाळी त्या हिवाळ्यात चुकली नाही. यंदा खंडेनवमीला पाटावर पाने, पक्कड मांडली, तेव्हा तिने मल्टिमीटरही मागून घेतला. मोटारीला झेंडूची माळ घालून झाल्यावर तिने हळदकुंकवाचे बोट पुढे केले आणि विचारले, “ती पट्टी कुठे असते रे?” मी बॉनेट उघडून दाखवली. ताई वाकली, आणि जेथे कोणाची नजर जात नाही तेथे तिने एक बोट टेकवले.