ओल्या हळदीचा हलवा

जानेवारीत हळदीची काढणी सुरू झाली की वसमतकडचे पाहुणे युसूफ वडगावला आत्याच्या घरी येताना पिशवीतून ओले गड्डे आणतात. केज तालुक्यातल्या या गावाभोवती सोयाबीन, ऊस, कापूस दिसतो. हळदीचा मुलूख तिकडे हिंगोलीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मोंढ्यावर येतात ती शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळकुंडं. आत्याच्या हलव्याला ती चालत नाहीत.

हा हलवा मुळात राजस्थानकडचा. तिकडे थंडीत ओल्या हळदीची तुपातली भाजी होते, तसाच हलवाही. आत्या केजला राहत असताना शेजारच्या मारवाडी काकूंकडून शिकली आणि गावी आल्यावर तिने साखरेऐवजी गूळ घातला.

यंदा मी हाताखाली होते. तिने आधी माझ्या तळहातांना गोडेतेल चोळलं, मग गड्डे सोलायला दिले. तपकिरी पापुद्रा निघाला की आत भडक केशरी रंग. कच्च्या कैरीचा आणि ओल्या मातीचा मिळून यावा तसा वास, त्यात आल्याची किंचित झाक. तेल लावूनही बोटं रंगलीच. साबण लागला तसा पिवळा डाग क्षणात लालसर झाला. क्षाराने हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते याच गुणावर.

पाव किलो किसाला जवळपास तेवढंच तूप. एवढं तूप बघून मी थबकले, पण त्याला कारण आहे. हळदीचा रंग ज्याच्यामुळे, ते कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुपात विरघळतं. किस परतत गेला तसं कढईच्या कडेने सुटणारं तूप आधी पिवळं, मग गडद केशरी झालं.

परतणं हाच या हलव्याचा जीव. मंद आचेवर, हात न थांबवता. मला वाटलं, झालं. आत्याने चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि मान हलवली.

"आणखी परत, पोरी. कच्ची राहिली तर घशाला तुरट लागती."

कडवट वास जाऊन खमंग वास सुटला तेव्हाच तिने वेगळं भाजलेलं बेसन आणि खवा घातला. खवा भूमकडचा, त्या भागातला खवा आमच्याकडे नावाजलेला. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, सगळ्यात शेवटी. गुळाने दूध फाटतं, म्हणून ती दुधाच्या वाटेला जात नाही. वरून सुंठ, वेलदोडा, बदामाचे काप आणि भरडलेली मिरी.

मिरी ती चवीसाठी घालते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की मिरीतल्या पायपरिनमुळे कुरकुमिन शरीरात कितीतरी जास्त शोषलं जातं. तरी हा हलवा औषध म्हणून वाढू नये, असं मला मनापासून वाटतं. गोड पदार्थ म्हणूनच तो उत्तम आहे. फक्त उष्ण आणि जड. सकाळी चमचा-दोन चमचे पुरे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आत्याने तिळगुळासोबत वाटीत थोडा थोडा दिला. हळद आणि गोडात, म्हणून एक-दोघी बिचकल्या, मग कृती विचारू लागल्या. धाकट्या वहिनीने निम्म्या हलव्यात गुळाऐवजी खजूर वाटून घातला होता. मुलांनी तो आधी संपवला. मला गुळाचाच आवडला. हळदीचा कडसर शेवट त्यात जिभेवर राहतो.